पाव टक्का

ओनोमिचीतली पतपेढी, खिडकी क्रमांक दोन.
काचेच्या आत मी, बाहेर किनुए कुराता.
फेब्रुवारीत पासबुक छापून घ्यायला येते.
व्याज हे तिचं नुसतं व्याज,
खरं तर हीटरपाशी पाय शेकायचे असतात.

किती वर्षं यंत्र करकरायचं आणि छापायचं :
दहा लाखांवर पाच येन.
ऑगस्टात आणखी पाच.
मधोमध भोक असलेलं ते नाणं
ती टेकडीवरच्या देवळाच्या पेटीत टाकायची.
देव बरा, म्हणायची,
दराची पाटी तरी लावत नाही.

यंदा छापून आलं सातशे सत्त्याण्णव.
तिनं चष्मा पुसला. "कुणाचे चुकून माझ्यात आले?"

मी सांगू लागलो.
तोक्योत काही माणसं टेबलाभोवती बसतात.
परदेशात दर चढे, म्हणून पैसा तिकडे पळतो,
येन पडतो, मग जहाजातून येणारा गहू, तेल,
सगळंच महाग होऊन उतरतं धक्क्यावर.
भाव फार उसळले की ही माणसं पाव टक्का...

"मीठ घालतात," ती म्हणाली.

तिच्या घरी कोंड्याचं मडकं आहे, लोणच्याचं,
सासूच्या हातचं विरजण अजून जिवंत त्यात.
उन्हाळ्यात ते फसफसतं, आंबूस वास सुटतो,
तेव्हा चिमूटभर मीठ.
कमी पडलं तर नासतं.
जास्त झालं तर मरतं, आणि
मेलंय हे कळायला पंधरवडा जातो.
"त्यांना वास येतो का, की नुसते आकडे बघतात?"

मागे रांगेत हामाओका होता, जहाजांचे पंखे घासणारा.
त्याचं कर्ज बदलत्या दराचं.
त्याच चिमटीनं त्याचा हप्ता वाढला,
नवं लेथ यंत्र आता पुढच्या वर्षी, किंवा नाहीच.
"काकू, ते सातशे माझ्याच खिशातले," तो हसला.
ती हसली नाही.
मीही नाही. दोघांच्या मधल्या फटीतून
माझा पगार निघतो.

सातशे सत्त्याण्णव :
पूर्वी जवळजवळ दोन किलो तांदूळ आला असता,
आता जेमतेम एक.
हे मी तिला सांगितलं नाही. तिनं मला सांगितलं.

जाता जाता विचारलं, "पण हे देता कशाबद्दल?"
प्रशिक्षणाच्या वहीत होतं ते म्हटलं मी :
थांबण्याचा मोबदला. आज न खर्चता वाट पाहिलीत, त्याचा.

पासबुक पिशवीत, पिशवी काखेत.
"मी कुठे वाट पाहत होते?" ती म्हणाली,
"मी नुसती होते."

दुसऱ्या दिवशी खिडकीत कागदात गुंडाळलेली काकडी.
डब्याबरोबर खाल्ली. भयंकर खारट.
दुपारभर पाणी पीत बसलो.