चौथं कुलूप

एंगुरी नदीच्या वर, जॉर्जियातल्या डोंगरात,
बर्फ वितळून चिखल झालेल्या उपकेंद्रात
लामारा गुलेदानी सकाळी धोक्याचा तक्ता भरते.
एक ते पाच शक्यता, एक ते पाच परिणाम,
गुणाकार शेवटच्या चौकोनात.
मृत्यू म्हणजे पाच. शक्यता एक.
पाच एके पाच. चौकोन हिरवा.
तिथे तिचं पेन दर वेळी जरा अडतं.
बेसोचाही हिरवाच होता.

यार्डात तेंगिझ तपासणीची काठी
आधी शेजारच्या जिवंत लाइनला दाखवतो.
दिवा लागतो : काठी खरं बोलतेय.
मग मेलेल्या लाइनला. काठी गप्प.
मग पुन्हा जिवंतला,
न जाणो, मधल्या त्या घडीत काठीच मेली असेल तर.

मेलेल्या तारेतही थोडं काही शिरतंच
समांतर जाणाऱ्या तारेकडून,
भिंतीपलीकडच्या भांडणासारखं.
म्हणून दोन्ही टोकांना अर्थिंग.
मातीला बांधली
की मग कुठे तारेचा अर्थ लागतो.

स्विचच्या दांड्याला चार कुलपं,
ज्याचं त्याचं,
किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात.

साडेपाचला तीन निघाली.
चौथं लोंबत राहिलं, निळं,
खिळ्यानं कोरलेलं : ओटिया.

मनोऱ्यावर नाही. केबलच्या चरात नाही.
ट्रान्सफॉर्मरमागे हाका मारल्या, हाकाच परत आल्या.
त्याचा फोन लागेना,
मोबाइलचा टॉवर ह्याच लाइनवर.
दरीत सात गावं अंधारात.
कंट्रोल रूम तिसऱ्यांदा ओरडली :
कापा ते कुलूप! तो नक्की घरी गेलाय.
लामारा म्हणाली,
‘नक्की’ला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
कटर मागच्या कपाटात होता.
तिनं खुर्ची ओढली
आणि कपाटाच्या दाराला टेकून बसली.

सात वाजता तेंगिझ जीप घेऊन उतरला.
बेकरीत, एका मेणबत्तीच्या उजेडात,
ओटिया रांगेत तिसरा.
पीठ फुगून परातींबाहेर उतू चाललेलं,
विजेची भट्टी थंडगार.
‘वीज आली की लगेच भाजून देते म्हणाली,
म्हणून थांबलो,’ ओटिया म्हणाला,
आणि बोलता बोलता हात खिशात गेला,
तिथेच राहिला.
मागची म्हातारी तेवढ्यात विचारत होती,
काय रे, तुम्हा लाइनवाल्यांना
एवढा वेळ लागतोच कसा?

पावणेआठला निळं कुलूप निघालं.
अर्थिंगच्या दोऱ्या मोजून परत खुंटीला.
दरीत दिवे लागले, वरच्या गावात आधी,
मग खाली, मग चर्चपाशी,
ओटिया मान खाली घालून बूट काढत बसला.

लामारानं खिडकीबाहेर पाहिलं नाही.
उद्याचा तक्ता पुढ्यात ओढून
एक नवी ओळ आखली.
धोका : पाव.
परिणाम : पाच.
शक्यतेपाशी थोडा विचार केला, लिहिलं : दोन.
पाच दुणे दहा.
चौकोन पिवळा.