बांगड्यांचा खिळा

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी बांगड्या काढल्या.
नवरा जिवंत आहे, धडधाकट आहे,
तेव्हा ओसरीवर बसून लाखोरीच्या डाळीतले खडे काढत होता.
सासूने माझे हात पाहिले आणि सूप खाली ठेवलं.
"काहून वो अंजिरा, पोरगा मेला का माजा?"
मी म्हटलं, आवाज होतो.

एवढंच.
पीठ मळताना होतो, तांदूळ पाखडताना होतो,
झोपेत कूस वळली तरी होतो
आणि दर वेळी दातांच्या मुळापर्यंत
कोणीतरी काचेचा तुकडा ओढत नेतं.
मला वाटायचं सगळ्याच बायकांना होतं हे,
सगळ्याच गिळतात,
मीच तेवढी गिळण्यात कच्ची.

आई म्हणायची, माणसांत राहा.
राहिले.
दुसरी हसली की किती वेळाने हसायचं ते पाठ केलं.
बारशाला काय म्हणायचं, मातीला काय म्हणायचं.
डोळ्यांत बघणं जमत नाही तर कुंकवाकडे बघायचं,
कोणाला कळत नाही.
विधवा बाई समोर आली की माझी पंचाईत.
एकदा तेराव्याला बारशाचं वाक्य गेलं तोंडातून.
टोल्यावर अजून सांगतात ते.

त्याच थंडीत साकोलीच्या दवाखान्यात
नंदागवळी नावाची नवी मुलगी आली,
मनाच्या डॉक्टरीचं काहीतरी शिकून.
मी गेले होते झोपेच्या गोळीसाठी.
तिने विचारलं, बाजारात गेलात की काय ऐकू येतं?
मी सांगत गेले.
बर्फाच्या गोळ्याचा रंधा, मासळीच्या तराजूची कडी,
कोणाच्या तरी चपलेचा सुटलेला अंगठा,
खुराड्याच्या तारेवर कोंबडीची नखं,
दोन दुकानांतली दोन गाणी
आणि त्या दोघांत अर्ध्या श्वासाचं अंतर.
ती लिहायची थांबली.

नागपूरच्या दोन खेपा झाल्या.
कागदावर आलं, ऑटिझम.
खाली मराठीत, स्वमग्नता.

येताना एसटीत मी तो शब्द
लुगड्याच्या काठासारखा उलटा करून पाहिला.
स्वमग्न.
कुठल्या स्वमध्ये, बाप्पा?
मी तर बुडालेली होते तराजूच्या कडीत,
परक्या माणसाच्या चपलेत,
बांधीत पाणी शिरताना बेडकं आधी गप्प होतात
त्या गप्पपणात.
स्व सापडायलाच मला इतकी वर्षं लागली,
आणि ज्याने शब्द बनवला तो म्हणतो
मी त्यातून बाहेर येत नाही.

हसू आलं.
आधी कोणी हसलं नव्हतं.

घरी रेवारामला कागद वाचून दाखवला.
बराच वेळ तो खडेच काढत राहिला.
मग म्हणाला, "म्हंजे तू मुद्दामून नोती करत?"
"नाही."
"मले वाटे, तुले मी पटत नाही."

एकोणतीस वर्षं.
मी डाळीचं ताट त्याच्या पुढ्यातून माझ्याकडे ओढलं
आणि खडे काढायला लागले.
मला ते पटकन दिसतात.

पुढच्या बाजारी त्याने लाकडी पळी आणली.
स्टीलचा सराटा माळ्यावर टाकला.
बोलला काहीच नाही.

सासू बोलते अजून.
हळदीकुंकवाला मला आता बोलावत नाहीत,
त्याचं बरं वाटतं,
आणि थोडं वाईटही,
इतकी वाक्यं पाठ केली होती.

संध्याकाळी मी बोडीच्या पारीवर बसते.
बोटं आपापली हलतात, लहानपणी हलायची तशी,
तेव्हा आई त्यांना मांडीखाली दाबून ठेवायची.
ढिवरांची डोंगी शिंगाड्यातून परत येते,
पानं बाजूला होतात, पुन्हा मिटतात.
मी मोजत नाही. मोजलीच तर सांगत नाही.

बांगड्या स्वयंपाकघराच्या दाराशी आहेत, खिळ्यावर.
वारा आला की वाजतात.
अंगणातून येतो तो आवाज,
मधे तुळस, मधे वाळत घातलेली धोतरं.
तेवढ्या अंतरावरून
चांगल्या वाजतात त्या.