मुहर्रिराचा डबा

डबा शेवेचा आहे. उघडला की अजून
आधी लवंगेचा, तेलाचा वास येतो,
मग तांब्याचा.

सुदामानगरच्या मधल्या खोलीत
जुनी चादर पसरून बसले आहे.
मोबाइलचा टॉर्च, आत्याचं सुईत दोरा ओवायचं भिंग,
फ्रिजवरून काढलेलं महाकालाचं चुंबक.

चुंबकाला चिकटतं ते बाजूला:
गेंड्याची पावली, माझ्या शाळेच्या दिवसांतली.
नाका उठल्यावरही नानांची सवय उठली नव्हती.
मग ॲल्युमिनियम, इतकं हलकं
की पंखा बंद करावा लागला मनातल्या मनात.
करंजीसारख्या कातलेल्या कडांचे दहा पैसे.
भोकाचे सात, एका करगोट्यात ओवलेले.

आत्या चिंच भिजवून आणते.
"घास, लख्ख होतील."
नको गं, हे काळं व्हायला शंभर वर्षं लागलीत.
ती वाडगा घेऊन परत जाते.
रात्री आमटी आंबट होणार.

बसलेला नंदी. इंदोर. संवत १९४५.
सत्तावन्न वजा करते बोटांवर, दोनदा चुकते,
अठराशे अठ्ठ्याऐंशी.
शिंगं गेली, वशिंड गेलं,
बैल आहे हे आता फक्त बसण्यावरून कळतं.

मल्हारनगरच्या रुपयावर सूर्य,
झोपेतून उठवल्यासारखा, गाल फुगवून.
मागे फारसी. ती मला येत नाही.
खजरान्याच्या नुसरतला व्हिडिओवर दाखवलं.
"शाह आल... बस, इथे नाणंच संपलं," ती म्हणाली.
ठसा मोठा होता, चांदी लहान.

प्रत्येक नाणं चुंगीच्या कोऱ्या पावतीत गुंडाळलेलं.
जनार्दन विष्णू टिल्लू, नाका मुहर्रिर, देवास नाका:
गल्ल्यात वेगळं काही आलं
की खिशातलं चालतं नाणं आत टाकायचं
आणि ते उचलायचं.
गल्ला बरोबर. वहीही बरोबर.
एवढा हा संग्रह, आणि याला लागलेले पैसे
म्हणजे यातलेच पैसे.

पावतीवर तिरकं अक्षर:
१४ जून ५३. गूळ, दोन गाड्या. पाव आणा.
लसूण. माठ, तीन फुटके. लसूण.
बांगड्यांची पेटी, हातगाडी. चुना. लसूण.

सकाळी मी राजांप्रमाणे लावली होती.
दुपारी धातूंप्रमाणे.
आता चादरीवर लसणाचा एक ढीग आहे,
गुळाचा एक,
माठांची ती दोन नाणी कुठे ठेवावीत कळत नाही.

तळाशी एक जड पुडी.
२ मार्च ५४. कांदे, एक गाडी. छीतर, क्षिप्रा.
रुपया शिशाचा आहे. तेरा आणे परत दिले.
बायको अडलेली, घाईत होता.
बोललो नाही.

एवढंच. पुढे मुलगा झाला की मुलगी, नाही.
मी उगीच पुडीच्या आतली बाजूही पाहिली.

सराफ्यातल्या माणसाने काल
बैलांचे चाळीस-चाळीस लावले,
सूर्याला जरा वेळ हातात धरलं,
आणि हा रुपया नखाने ओरखडून
काचेवर माझ्याकडे सरकवला.
"ये तो डली है, मॅडम. फेंक दो."
पुण्याहून श्रीरंगचा मेसेज: किती होतात?
उत्तर लिहिलं, खोडलं.

पुडी बांधताना तो निसटतो,
फरशीवर पडतो, घरंगळतही नाही.
स्वयंपाकघरातून आत्या,
"काय पडलं गं?"
रुपया.
"मग वाजला कसा नाही?"