पाच किलो

विमानतळावर माझी बॅग उघडली तेव्हा
साहेबाने तवा दोन्ही हातांनी उचलला.
बिडाचा, आतून सळ्यासळ्यांचा,
जिनोआच्या बंदरावर एका म्हाताऱ्याकडून जुना घेतलेला.
हे काय, म्हणाला. मी म्हटलं, सँडविच.
त्याने ऑलिव्हची बाटली उजेडात धरून हलवली
आणि मला जाऊ दिलं.

आता अशोक चौकाच्या मागे, गल्लीत,
रात्रीचे साडेनऊ, उकाडा एवढा की चीजने
फ्रिजबाहेर येताच घाम सोडला आहे.
पाव महिबूबच्या बेकरीतला, अख्खा, न कापलेला.
का बे, जहाजावरून येऊन पावच खातो का,
म्हणाला, पण मधला, नीट भाजलेला काढून दिला.

आई विड्यांची सुपली बाजूला सारून बसली.
ऑलिव्ह बोटांत फिरवलं. भोकर, म्हणाली.
भोकर नाही गं.
मग कच्चं जांभूळ. तेही नाही.
चावलं, तोंड वाकडं केलं, आणखी एक घेतलं.

मांसाची पाकिटं मी फोडली:
सलामी, मोर्ताडेला, आणि एक तिखट,
ज्याचं नाव आमचे खलाशी शिवीसारखं उच्चारतात.
इदि एंटि रा?
डुकराचं, मी म्हटलं.
ती जरा वेळ गप्प बसली. मग उठून
मार्कंडेयाच्या फोटोवरचा पडदा ओढला,
परत आली. दाखव.

जहाजावर आम्ही चकत्या नुसत्या पसरतो,
अर्ध्या मिनिटात एक सँडविच,
मागे तीन हजार तोंडं.
आईने चकती डाव्या तळहातावर घेतली
तेंदूच्या पानासारखी, कड आत,
अंगठा एकदा पुढे, एकदा मागे,
टोक नखाने मुडपलं.
दोरा शोधायला हात गेला
आणि थांबला.
अशा बावीस वळ्या, तोंडं एका दिशेला,
त्यावर चीज, त्यावर ठेचलेली ऑलिव्हं, लसूण.
शेंगाचटणी घालायची नाही असं मी बजावलं होतं.
घातली.

पाव दाबल्याशिवाय हे जमत नाही. वजन हवं.
नाना कारखान्यातून घेऊन आले,
पाच किलोचं, पूर्वी सूत तोलायचे ते.
सूत हल्ली पाकिटात मोजून येतं,
वजन दाराला टेकू असतं.
नापास टॉवेलने त्यांनी ते तीनदा पुसलं.

ठेवलं, आणि वीज गेली.
चारी बाजूंचे माग एकदम थांबले.
असली शांतता आमच्या गल्लीला झेपत नाही.
त्यात फक्त आमचा तवा, चर्र, चर्र,
समोरच्या खिडकीत येमुलांची पोरं गोळा झाली.
ऐकलं नाही ते एकट्या नानांनी.
त्यांचे कान मागांनी केव्हाच नेले.
त्यांनी वजनावर तळहात ठेवला,
चटका बसला, काढला, परत ठेवला,
चालत्या मागावर ठेवायचे तसा.
शिजतंय, म्हणाले. थांब.
अजून थांब.
आता.

मोबाइलच्या उजेडात पाव उलटला.
काळ्या रेघा, सरळ, सारख्या अंतरावर.
नाना वाकले, बोटाने मोजल्या.
ताणा आहे, म्हणाले. बाणा कुठाय?

म्हणून पाव काटकोनात फिरवून पुन्हा,
पुन्हा पाच किलो, पुन्हा तो तळहात.
निघाली ती चौकडी,
चादरीला असते तशी, काठाशी जराशी चुकलेली.

चार तुकडे केले. चीज लोंबत राहिलं.
नाना बी थुंकून म्हणाले, मीठ जास्त,
मग तोंड भरल्यामुळे काही म्हणाले नाहीत.
माझ्या घासात, सलामीच्या मागे कुठेतरी,
तंबाखू होती, आईच्या बोटांची.
ती चव मी अकरा महिने
सगळ्या बंदरांवर शोधली नव्हती,
कारण ती हरवली आहे हेच माहीत नव्हतं.

जहाज एकोणीस तारखेला.
तवा इथेच ठेवतो, म्हटलं, वजन मी नेऊ का?
वजन नको, नाना म्हणाले. रात्री दार आपटतं.
त्यांना कसं कळतं, मी विचारलं नाही.