कारणाचा रकाना

चार घरांनी मिळून एक फोन घेतला,
भिशीसारखा. दरमहा घरटी नऊ हजार पेसो
माझ्याकडे जमा.
फोन जुना, एका झेक गिर्यारोहकानं
परत जाताना विकलेला.
पाचाचं बटण दोनदा दाबल्याशिवाय उठत नाही,
अँटेना चिकटपट्टीनं बांधली आहे,
जसा तिबुर्सिओ बांधतो मेंढीचा मोडका पाय.

नवा घ्यायचा तर दोन घोडे जातात.
दुकानदार म्हणाला, आठवड्याच्या भाड्यानं न्या.
आम्ही अंगणात काडीनं हिशोब मांडला:
तीन भाड्यांत हा म्हातारा आमचाच होतो.

डोंगरात जो जाईल, फोन त्याच्या खोगिरात.
वही माझ्याकडे, नोल्फा ओयार्सोकडे,
कारण चौघांत सहावीपुढे मीच गेले.
तारीख, कोण, कुठून, मिनिटं, कारण.

मिनिट महाग, म्हणून ठरवून घेतलं:
एक रिंग वाजून बंद, म्हणजे पोचलो.
दोन, नदी चढली आहे, उद्या येतो.
तीन, कधी ते माहीत नाही, पण बरा आहे.
थांबलीच नाही तर उचल.
मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत.
अख्खा उन्हाळा आमचं बोलणं
चुलीजवळ नुसतं वाजून विझायचं
आणि मी पिठाचे हात पुसून
वहीत टिंब द्यायचे.

जानेवारीत एकदा ती थांबलीच नाही.
एलेउतेरियो होता, हिमनदीच्या वरच्या अंगाला,
घोड्यांवरून चार पाहुणे घेऊन गेलेला.
उचलला, तर म्हणतो, नमस्कार नोल्फा,
कशी आहेस, लाल गाय व्याली का?
आमच्याकडे रीतच आहे,
मरण सांगायला आलेला माणूसही
आधी माते पितो, मग टोपी काढतो.
मी ओरडले, गाय मरू दे, बोल!
माझं ओरडणं वर गेलं, खाली उतरलं,
मधे जो अर्धा श्वास हरवतो
त्यात तो वासराचं विचारत होता.
मग म्हणाला, बाईचा पाय मोडलाय. डावा.
एकूण चार मिनिटं,
त्यातलं सव्वा गाईवर.

हेलिकॉप्टर दुसऱ्या दुपारी आलं, बाई वाचली.
महिन्याच्या हिशोबाला कार्कामो भाऊ म्हणाले,
गाईचे पैसे कोण देणार?
एलेउतेरियोनं निमूट नोटा मोजल्या,
दाराशी गेला, वळून विचारलं,
पण व्याली का?

कंपनीचा नियम असा की उरलेली मिनिटं
तीस दिवसांनी मरतात.
पुढच्या महिन्यात नेता येत नाहीत,
बरणीत घालून ठेवता येत नाहीत.
फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री
अकरा उरली होती.
फोन त्याच्या खोगिरात, उंच दरीत कुठेतरी,
जिथून आभाळाची एवढीशी फट दिसते.

पावणेबाराला रिंग वाजली.
एक. दोन. तीन. चार.
धावताना माझ्याकडून किटली लवंडली.
काय झालं?
काही नाही, म्हणाला. वाया जात होती.
मग बराच वेळ काहीच नाही.
मी म्हटलं, बोल की.
त्यानं फोन बर्फाकडे धरला असावा.
आधी नुसता वारा, मग लांब कुठेतरी
एक जुनं लाकडी दार
कोणी न ढकलता उघडत गेल्यासारखं,
आणि घोड्याचा एक सुस्कारा.

मीही फोन चुलीकडे धरला.
सांडलेलं पाणी लोखंडावर चरचरत होतं.
ते वर गेलं असेल, उतरलं असेल.
अर्ध्या श्वासानंतर तो हसला.

बारा वाजता आवाज तुटला.
मी वही उघडली. तारीख, कोण, कुठून.
अकरा.
पुढच्या रकान्यापाशी पेन्सिल
ओठांत धरून बसले बराच वेळ.
ही वही चार घरं वाचतात.
शेवटी लिहिलं:
फोन तपासला. चालतो.