उळिसि, अळिसि

फोन आला तेव्हा मी खासबागेत
एका झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर उघडून बसलो होतो.
भरमाण्णा म्हणाले, "सगळं गेलं की ओ.
मराठी घातलं आणि सुताचं खातं गेलं."

वडगावची विणकर सोसायटी.
एक खोली, एक कॉम्प्युटर, त्यावर क्रोशाचं झाकण,
भिंतीपलीकडे मागांची खटखट.
बोलायचं तर दोन ठोक्यांच्या मध्ये बोलायचं.

पाच वर्षं सॉफ्टवेअर कन्नडमध्ये होतं.
जमा, खर्चु, बाकि, तारीखु:
शेपटाला एखादा उकार, बाकी तेच.
देण्याघेण्याला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो.
अडलं ते दोन बटणांपाशी.
उळिसि म्हणजे ठेवा.
अळिसि म्हणजे पुसा.
मध्ये एका अक्षराचं अंतर,
आणि कन्नडचे अ नि उ
महादेवीला जुळ्या पोरांसारखे दिसायचे.
घरी ती कन्नडच बोलते, आईला अव्वा म्हणते,
पण शाळा मराठी.
कानाला येतं ते डोळ्याला येत नाही.

मी आधी फाईल उघडली.
डावीकडे किल्ली, उजवीकडे शब्द,
तीनशे बारा ओळी.
शब्द सापडला नाही तर कुठे बघायचं तेही लिहिलेलं:
आधी मराठी, मग कन्नड, मग इंग्रजी,
तिथेही नसेल तर किल्लीच नागडी दाखवायची.
माझ्या तोंडात हा क्रम माणूस बघून फिरतो.
भाजीवालीशी एक, पोलिसाशी दुसरा,
आणि बापाशी भांडताना
कुठल्या ओळीवर आहे तेच कळायचं नाही.

एन्कोडिंग तपासलं. फॉन्ट तपासला.
जतन करा होतं तिथं जतन करा.
पुसून टाका होतं तिथं पुसून टाका.
चूक नव्हतीच.
चूक नसली की मला घाम फुटतो.

"महादेवी, काय केलीस ते परत कर बघू."
तिनं माऊस धरला. बाण निघाला
आणि सरळ शिरला एका लाल टिकलीखाली.
पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात,
धूळ बसून कडेला काळी झालेली.
"हे काय?"
"हे उळिसि. पाच वर्षं झाली."

मग दिसलं.
जतन करा हे उळिसिपेक्षा लांब.
बटण मावेना, ते डावीकडे सरकलं,
त्याच्या जागी शेजारचं आलं,
टिकली होती तिथंच.

"पण त्यानं विचारलं असेल की, खात्री आहे का?"
"विचारलं. मराठीत विचारलं.
इतक्या वर्षांनी कोण मराठीत विचारूलालंय म्हणून
हो म्हटलं."

भरमाण्णा गप्प. तीन अर्ज त्यांनीच केले होते.
रस्त्यावरच्या पाटीची भाषा बदलायची तर
मोर्चा निघतो, दगड येतात.
इथं तीन क्लिक,
आणि काय हललं ते कुणी बघितलंही नाही.

पेनड्राईव्हवर सोमवारपर्यंतचं मिळालं.
मंगळवार, बुधवार महादेवीच्या डोक्यात होते.
डोळे मिटून ती सांगू लागली:
"ढवळी, हन्नेरडु कोन, हिरवा.
परसू कामकर, इप्पत्तु, जरी वेगळी.
हावळांची शांताक्का, ऐदु, उधारी."
मी बारा लिहिलं, वीस लिहिलं, पाच लिहिलं.
ती कन्नडमध्ये सांगतेय हे तिच्या ध्यानात नव्हतं,
मी मराठीत लिहितोय हे माझ्या.
पलीकडे जेवणाची सुट्टी झाली होती.
बुधवार संपला तेव्हा कळलं,
केव्हापासून कुणी ओरडून बोलत नव्हतं.

निघताना तिनं नखानं टिकली उचकटली.
पडद्यावर डिंकाचा गोल राहिला.
जतन करावर लावणार, तेवढ्यात हात थांबला.
"परत हलंल का ओ हे?"
मी म्हणालो, अपडेट आलं तर हलेल.
टिकली तिच्या अंगठ्याला तशीच.