चाळीस माणसांचं माप

बाबांना चौघांचा स्वयंपाक कधी जमला नाही.
पेन्शनीत आले तेव्हा आईनं कौतुकानं
एक दिवस चूल त्यांच्या हाती दिली,
आणि तांबळडेगच्या अर्ध्या वाडीनं
त्या रात्री आमच्याकडची डाळ जेवली.
"मीठ चिमटीन कसा घालतत ता माका म्हायत नाय,"
म्हणाले, "माका आपली ओंजळच ठावक."

फौजेत ते लंगरात होते.
बंदूक होती, पण सांगण्यासारखी नाही.
सांगण्यासारखा एक झारा,
हाताएवढा लांब, टोकाला वाकलेला,
जमा करायचा राहून गेला
की मुद्दाम ठेवून घेतला,
ते शेवटपर्यंत बोलले नाहीत.

भरतीनंतर पहिल्याच सकाळी
उस्ताद मैदानात ओरडला, "विश्राम!"
आणि हे रांग मोडून दोन पावलं पुढे.
"हजर, साहेब."
सगळी पलटण सोळा वर्षं हीच गोष्ट सांगत राहिली.
नंतर आम्ही.

माझ्या वेण्या तेच घालायचे,
इतक्या घट्ट, की शाळेत डोळे ताणलेले असत.
भावाच्या तापात रात्रभर उभे. बसत नसत.
फक्त बांगड्याच्या तिखल्याला हात लावला नाही कधी,
तो आईचा इलाका.

दुसरी गोष्ट मला सारंगकाकांनी सांगितली,
बाबा गेल्यावर, वाळूत रापणीची दोरी वळता वळता.
वर कुठंतरी, बर्फात,
चाळीस जणांचा भात शिजवून
हा पातेल्याला कांबळं गुंडाळून बसलेला.
खाली उतरले एकोणतीस.
भात निवला, तरी पातेलं हलवू देईना.
सकाळी तोच भात फोडणीला टाकला
आणि ताटल्या मांडल्या.
चाळीस.

माझ्या लग्नात, पानं किती, असं विचारलं
तर ओठांतल्या ओठांत मोजून
त्यांनी अकरा जास्तीची सांगितली होती.
आम्ही हसलो होतो.

आई त्यांना नावानं हाक मारत नसे.
"आयकलात काय" एवढंच, सदतीस वर्षं.
नाव फक्त उखाण्यात यायचं,
आणि तिथंही शेवटी, हशाच्या आडोशानं.

बागांत तुडतुड्यावर फवारणी चालली होती
त्या आठवड्यात गेले.
बाराव्याला तांदूळ मी मोजला, त्यांच्या मापानं.
उरला. कुणी काही म्हणालं नाही.

मग आईला घेऊन मिठबावच्या बँकेत.
पेन्शनची तारीख, रांगेत सगळे तेच:
कणा ताठ, गुडघे गेलेले,
हातात पिशवी, पिशवीत पासबुक.
काउंटरवरचा मुलगा नवा, घाटावरचा.
फॉर्मवरून मान न उचलता म्हणाला, "पतीचं नाव?"
मी तोंड उघडलं, तर आईनं माझं मनगट दाबलं.
मध्ये काच होती, वर पंखा खडखडत होता,
म्हणून तिला ते मोठ्यानं म्हणावं लागलं,
उखाण्याशिवाय:

"विश्राम."

मागं फरशीवर चपला सरकल्या.
वळून पाहिलं.
तीनचार म्हातारे, हात पाठीशी बांधलेले,
डावा पाय बाजूला घेऊन उभे.
आपण काय केलं
ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

"आडनाव?" मुलानं विचारलं.